महाराष्ट्राचा रणजी संघ : एका ‘कौंटी’ची गोष्ट

इंग्लंडमधील क्रिकेटविषयी काही वाचावयास घेतले की ‘कौंटी’ हा शब्द पदोपदी भेटतो. त्यास मराठीत काय म्हणावे हा प्रश्नच आहे. ‘परगणा’ म्हटले की पेशवाईतील वसुलीचे कागद आठवतात आणि ‘जिल्हा’ म्हटले की कलेक्टर कचेरी डोळ्यांपुढे उभी राहते. इंग्रज माणसाच्या मनातली कौंटी या दोहोंत बसत नाही. तो जिथे जन्मला, जिथल्या संघासाठी त्याचे वडील आणि आजोबा ऊनपावसात बाकावर बसून राहिले, ती त्याची कौंटी. ससेक्सचा क्लब १८३९ सालचा, म्हणजे आपल्याकडे साताऱ्यास छत्रपतींची गादी अजून होती तेव्हाचा. कौंट्यांची अधिकृत अजिंक्यपद स्पर्धा १८९० पासून सुरू झाली. पुढे काही कौंट्या सरकारी नकाशावरून पुसल्याही गेल्या. मिडलसेक्स ही कौंटी शासनाने १९६५ साली मोडीत काढली, पण मिडलसेक्सचा क्लब लॉर्ड्सवर आजही खेळतो आहे. यॉर्कशायरची तऱ्हा तर आणखी निराळी. कौंटीच्या हद्दीत जन्मलेल्यालाच संघात घ्यायचे, हा त्यांचा हट्ट १९९२ पर्यंत टिकला. तो मोडून पहिला परदेशी खेळाडू त्यांनी घेतला, तो एका मराठी प्राध्यापक-कवीचा मुलगा : सचिन तेंडुलकर.

आपल्याकडे अशी कौंटी आहे काय? हा प्रश्न मला ग्रंथालयात पडला नाही, वसतिगृहात पडला. २०२५ च्या फेब्रुवारीत विदर्भाने उपान्त्य सामन्यात मुंबईस हरविले आणि पुढे केरळविरुद्ध रणजी करंडकही जिंकला. आमच्या मजल्यावरील अमरावतीच्या मुलाने मेसमध्ये सर्वांना पेढे वाटले. ठाण्याचा एक मित्र म्हणाला, ‘आमचे बेचाळीस झाले आहेत, तुमचे आता कुठे तीन.’ मग दोघेही माझ्याकडे वळले. ‘आणि तुझा संघ कोणता?’ मी जालना जिल्ह्यातला. क्षणभर मला उत्तरच सुचेना. ‘महाराष्ट्र’ म्हणालो तर दोघेही हसले, कारण तेही महाराष्ट्रातलेच!

त्यांचे हसणे अगदीच अस्थानी नव्हते. एका राज्यातून रणजी करंडकासाठी तीन संघ उतरतात : मुंबई, विदर्भ आणि महाराष्ट्र. पहिल्या दोन प्रदेशांना वगळून जो भाग उरतो, म्हणजे पश्चिम महाराष्ट्र, खानदेश, मराठवाडा आणि कोकणाचा काही भाग, त्याचा संघ तो ‘महाराष्ट्र’. विशेष म्हणजे हे नाव धारण करणारा संघ राज्यापेक्षा वयाने सव्वीस वर्षे मोठा आहे. राज्य १९६० चे. संघ १९३४ चा.

त्याआधीचे क्रिकेट धर्माच्या नावाने खेळले जाई. मुंबईत पारशी, हिंदू, मुसलमान आणि युरोपियन असे संघ परस्परांशी भिडत. पुणे हे लष्करी छावणीचे गाव, त्यामुळे येथील क्रिकेट पूना क्लबच्या गोऱ्या साहेबांच्या आश्रयाने वाढले. त्याच क्लबच्या मैदानावर चर्मकार समाजातील एक तरुण नोकरीस होता. खेळपट्टीची निगा राखायची आणि सरावाच्या जाळीत साहेबांना चेंडू टाकायचे, हे त्याचे काम. हे बाळू पालवणकर. जे. जी. ग्रेग हा हॅम्पशायर कौंटीकडून खेळलेला अधिकारी त्यांच्याकडून तासन् तास गोलंदाजी करवून घेई. आपली फलंदाजी सुधारावी एवढाच त्याचा हेतू असावा, पण त्यातून हिंदुस्थानचा पहिला थोर फिरकी गोलंदाज घडला. पुण्याच्या हिंदू क्लबने बाळूंना घ्यावे की नाही यावर खल झाला आणि शेवटी घेतलेही. साहेबांना हरवायचे तर दुसरा उपाय नव्हता. मैदानावर चेंडू सर्वांचा एकच, चहाच्या वेळी मात्र बाळूंसाठी मातीचे वेगळे भांडे आणि तेही मंडपाबाहेर. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली गेलेल्या संघातून हेच बाळू इंग्लंडला गेले आणि त्या दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले. लिस्टरशायर आणि सॉमरसेट या दोन कौंट्या त्या संघाकडून हरल्या. एवढे करूनही हिंदू संघाचे नायकपद बाळूंना मिळाले नाही. ते १९२३ साली त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना मिळाले.

ही हकीकत सांगण्याचे कारण असे की, रणजी करंडकाने संघ बांधण्याची रीतच बदलली. १९३४ साली सुरू झालेल्या या स्पर्धेस ससेक्स कौंटीकडून नाव कमावलेल्या रणजितसिंहांचे नाव दिले गेले आणि संघांची विभागणी कौंट्यांप्रमाणे प्रदेशांवर झाली. कोण कोणत्या देवळात जातो, हे विचारण्याचे कारण उरले नाही. विजय हजारे यांचे उदाहरण पाहावे. सांगलीत जन्मलेला हा मराठी ख्रिस्ती तरुण. मुंबईच्या पंचरंगी सामन्यांत त्यांना हिंदू, मुसलमान, पारशी वा युरोपियन यांपैकी कोणत्याच संघात जागा नसे. ‘द रेस्ट’ नावाचा, म्हणजे उरलेल्यांचा एक संघ होता, त्यात ते खेळत. १९४३ साली याच उरलेल्यांच्या ३८७ धावांपैकी ३०९ त्यांनी एकट्याने काढल्या! रणजी करंडकात मात्र १९३९-४० च्या मोसमात बडोद्याविरुद्ध नाबाद ३१६ धावा काढताना ते कोणी उरलेले नव्हते. ते महाराष्ट्राचे होते.

त्या संघाचे नायक होते प्रा. दिनकर बळवंत देवधर. प्राध्यापक ही उपाधी येथे शोभेची नाही. ते पुण्यातील महाविद्यालयात संस्कृत शिकवीत. (आमच्या संस्कृत विभागातील सरांनी हे वाचून तरी मैदानाकडे फिरकावे, अशी नम्र विनंती आहे.) १९२६ साली गिलिगनच्या एम. सी. सी. संघाविरुद्ध मुंबईत त्यांनी १४८ धावा केल्या, तेव्हा ते चौतिशीत होते. हिंदुस्थानला कसोटीचा दर्जा मिळेपर्यंत १९३२ उजाडले आणि चाळीस वर्षांच्या प्राध्यापकास कोणी निवडले नाही. तेथे सामान्य माणूस थांबला असता. देवधरांनी अठ्ठेचाळीस-एकोणपन्नास वर्षांचे असताना १९३९-४० आणि १९४०-४१ असा लागोपाठ दोनदा महाराष्ट्रास रणजी करंडक जिंकून दिला. पहिल्या वेळी संयुक्त प्रांतास पुण्यात हरविले, दुसऱ्या वेळी मद्रासला त्यांच्याच घरी. दुसऱ्या मोसमात पुण्यात मुंबईशी गाठ पडली. महाराष्ट्राच्या ६७५ धावा झाल्या. त्यांत देवधरांच्या २४६. उत्तरादाखल मुंबईने ६५० पर्यंत मजल मारली आणि पहिल्या डावातील पंचवीस धावांच्या आघाडीवर महाराष्ट्र पुढे गेला. १९४४ साली, पन्नाशी उलटल्यावर, या गृहस्थांनी नवानगरविरुद्ध एकाच सामन्याच्या दोन्ही डावांत शतके ठोकली. ते १९९३ साली वारले, तेव्हा त्यांचे वय एकशे एक होते.

महाराष्ट्राकडे ते दोनच करंडक आहेत. त्यानंतर एकदाही नाही.

असे का व्हावे? एक कारण माझ्या मते संस्थानांच्या तिजोरीत सापडते. महाराष्ट्राच्या संघामागे राजा नव्हता. पुण्यातील क्लब, मध्यमवर्गीय हौस आणि वर्गणी एवढेच त्याचे भांडवल. आजूबाजूला मात्र बडोदे होते, इंदूरचे होळकर होते. दोन्ही घराणी मराठी आणि दोघांनाही क्रिकेटचा षोक. खेळाडूस ते नोकरी देत, हुद्दा देत, निश्चिंती देत. हजारे बडोद्यास गेले आणि १९४६-४७ च्या अंतिम सामन्यात त्यांनी गुल महंमदच्या साथीने होळकर संघाविरुद्ध ५७७ धावांची भागी रचली. म्हणजे सांगलीचा माणूस, मराठी राजाच्या संघाकडून, दुसऱ्या मराठी राजाच्या संघाविरुद्ध विक्रम करतो आणि त्यात ‘महाराष्ट्र’ कोठेच नाही!

कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर हेही असेच बडोदे, होळकर, रेल्वे असे फिरलेले. पण त्यांच्या आयुष्यातील सर्वांत मोठी खेळी महाराष्ट्राच्या वाट्यास आली. डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यात काठेवाडविरुद्ध सामना होता. काठेवाड २३८ धावांत आटोपले. निंबाळकर आणि भांडारकर यांनी दुसऱ्या गड्यासाठी ४५५ धावा जोडल्या. भांडारकर २०५ वर गेले, निंबाळकर खेळतच राहिले. तिसऱ्या दिवशी मध्यंतरास ते नाबाद ४४३ होते आणि महाराष्ट्र ४ बाद ८२६. ब्रॅडमनचा ४५२ धावांचा जागतिक विक्रम मोडण्यास अवघ्या दहा धावा हव्या होत्या. दोन षटकांचा प्रश्न. पण काठेवाडचे नायक, राजकोटचे ठाकोरसाहेब, यांनी सामना सोडून दिला. आपल्या संघाचे नाव अशा विक्रमाच्या खाली लागावे हे त्यांना रुचले नाही. खेळाडूंनी सामान बांधले आणि ते निघून गेले. निंबाळकरांना कसोटी सामना कधीच मिळाला नाही. कसोटी न खेळलेल्या फलंदाजाची जगातील सर्वांत मोठी खेळी आजही तीच आहे. त्याच मोसमात मुंबईविरुद्ध पुण्यात झालेल्या उपान्त्य सामन्यात दोन्ही संघांनी मिळून २३७६ धावा काढल्या. मुंबई ६५१ आणि ७१४, महाराष्ट्र ४०७ आणि ६०४, शतके नऊ. प्रथम श्रेणीच्या सामन्यात एवढ्या धावा आधी कधी झाल्या नव्हत्या आणि नंतरही झाल्या नाहीत. चौथ्या डावात सहाशेचा पल्ला ओलांडूनही आपण ३५४ धावांनी हरलो! पुण्याच्या त्या खेळपट्टीवर गोलंदाजी करणाऱ्यांस खरे तर सरकारने पेन्शन द्यावयास हवी होती.

येथे एक तारीख ध्यानात घ्यावयास हवी. निंबाळकरांची खेळी डिसेंबर १९४८ ची. १७ सप्टेंबर १९४८ रोजी, म्हणजे केवळ तीन महिने आधी, निजामाची राजवट संपून मराठवाडा मुक्त झाला होता. तेव्हाच्या औरंगाबादकरास पुण्याचा हा संघ ‘आपला’ वाटण्याचे काही कारण होते काय? राजकीय नकाशाने तो हैदराबादचा होता. हैदराबादचा स्वतंत्र रणजी संघ होता आणि त्याने १९३७-३८ साली, महाराष्ट्राच्या दोन वर्षे आधी, अंतिम सामन्यात नवानगरला एका गड्याने हरवून करंडक जिंकलाही होता. मुक्तीनंतरही मराठवाडा हैदराबाद राज्यातच राहिला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी तो द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. कागदोपत्री आमची कौंटी बदलली, पण मिडलसेक्सच्या उदाहरणावरून दिसते की कागद बदलल्याने मन बदलतेच असे नाही. उलट मन बदलायला कागदापेक्षा पुष्कळ जास्त वेळ लागतो. आमच्या घरी आजोबा ‘आपला’ गुलाम अहमद म्हणत. तो हैदराबादचा फिरकी गोलंदाज. वडील गावसकरचे भक्त. महाराष्ट्राच्या संघाचे नाव घरात कोणी काढल्याचे मला आठवत नाही.

साठ-सत्तरच्या दशकांत हा संघ म्हणजे चंदू बोर्डे. पंचावन्न कसोटी सामने खेळलेला पुण्याचा हा अष्टपैलू. त्याच्याच नेतृत्वाखाली १९७०-७१ साली तिसरा करंडक हाताशी आला होता. हेमंत कानिटकरने त्या मोसमात राजस्थानविरुद्ध २५० धावा केल्या होत्या. अंतिम सामन्यात समोर मुंबई होती खरी, पण वाडेकर, सरदेसाई, गावसकर, सोलकर हे सारे भारतीय संघाबरोबर वेस्ट इंडीजमध्ये. सुधीर नाईकच्या हाताखालील त्या दुय्यम मुंबईनेही आपल्याला ४८ धावांनी हरविले. १९९२-९३ साली पंजाबने हरविले. कानिटकरांचा मुलगा हृषीकेश याने पुढे रणजी करंडक दोनदा उंचावला. फक्त तो राजस्थानचा नायक म्हणून.

मराठवाड्याचा या इतिहासातील खरा प्रवेश मला डिसेंबर २००१ मध्ये दिसतो. मोहालीस इंग्लंडविरुद्धच्या कसोटीत भारताचे तीन खेळाडू प्रथमच उतरले. त्यांपैकी दोघे मराठवाड्यात जन्मलेले : औरंगाबादचा वेगवान गोलंदाज इक्बाल सिद्दिकी आणि बीडचा संजय बांगर. सिद्दिकी महाराष्ट्राच्या संघातून आला. त्याच्या वाट्यास ती एकच कसोटी आली, पण दुसऱ्या डावात विजयास पाच धावा हव्या असताना त्यास सलामीस पाठविले गेले आणि त्या धावा त्यानेच काढल्या. बांगर मात्र महाराष्ट्राचा नव्हताच, तो रेल्वेचा. पुढील वर्षी हेडिंग्लेवर, म्हणजे यॉर्कशायरच्या अंगणात, द्रविडबरोबर १७० धावांची भागी करून त्याने ६८ काढल्या आणि भारताने डावाने सामना जिंकला. एकाच मातीतली दोन मुले. एकास आपल्या कौंटीचे दार उघडे मिळाले, दुसऱ्यास रेल्वेच्या नोकरीत आपले क्रिकेट सापडले. हजारे आणि निंबाळकर यांच्या वेळची रीत अर्धशतकानंतरही फारशी बदलली नव्हती. फक्त संस्थानाच्या जागी सरकारी खाते आले होते.

बदल झाला तो त्यानंतर. जालन्याच्या विजय झोलने २०११ साली एकोणीस वर्षांखालील कूचबिहार करंडकात आसामविरुद्ध नाबाद ४५१ धावा केल्या, २०१३ साली रणजी पदार्पणातच द्विशतक काढले आणि जानेवारी २०१४ मध्ये वानखेडेवर केदार जाधवबरोबर नाबाद राहून चाळीस वेळा करंडक जिंकलेल्या मुंबईस उपान्त्यपूर्व फेरीतच घरी बसविले. जाधव नाबाद १२०, झोल नाबाद ९१. आमच्या जालन्यात त्या दिवशी फटाके वाजल्याचे मला लहानपणीचे स्मरते. क्रिकेटसाठी फटाके वाजणे नवे नव्हते. ते मुंबई हरली म्हणून वाजणे नवे होते. त्या वर्षी महाराष्ट्र अंतिम सामन्यापर्यंत गेला आणि कर्नाटकाकडून हरला. तो सामना झाला हैदराबादला. पैठणचा अंकित बावणे त्या संघात होता. ज्या शहरातून १९५६ पर्यंत पैठणचा कारभार चाले, तेथे तो महाराष्ट्राचे नाव लावून उतरला.

याच बावणेने ऑक्टोबर २०१६ मध्ये वानखेडेवर दिल्लीविरुद्ध स्वप्नील गुगळेबरोबर तिसऱ्या गड्यासाठी अभंग ५९४ धावा जोडल्या. गुगळे नाबाद ३५१, बावणे नाबाद २५८. रणजी करंडकातील तोवरची सर्वांत मोठी भागी. मोडला गेला तो विक्रम सत्तर वर्षांचा आणि हजारे-गुल महंमद यांचा. महाराष्ट्र सोडून गेलेल्या सांगलीच्या हजाऱ्यांची बरोबरी पैठणच्या मुलाने महाराष्ट्राकडून खेळताना ओलांडली, हा योगायोग मला फार मोलाचा वाटतो. संगकारा-जयवर्धने यांच्या ६२४ या जागतिक विक्रमास तेव्हा केवळ तीस धावा कमी होत्या. १९४८ साली प्रतिपक्ष मैदान सोडून गेला होता. या वेळी महाराष्ट्राने आपणहून २ बाद ६३५ वर डाव घोषित केला. सामना जिंकायचा होता. तो मात्र अनिर्णित राहिला, कारण दिल्लीच्या ऋषभ पंतने ३०८ धावा करून आमच्या गोलंदाजांची परीक्षा पाहिली.

तुळजापूरचा राजवर्धन हंगरगेकर २०२२ साली एकोणीस वर्षांखालील विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय संघात होता. बीडच्या सचिन धसने २०२४ साली त्याच स्पर्धेच्या उपान्त्य सामन्यात ९६ धावा काढून दक्षिण आफ्रिकेच्या हातातला सामना ओढून आणला. औरंगाबादचे आज छत्रपती संभाजीनगर झाले आहे. पण आमखास मैदानावर रविवारी सकाळी गेल्यास एकाच वेळी इतके सामने चाललेले असतात की एकाचा क्षेत्ररक्षक दुसऱ्याच्या खेळपट्टीवर उभा असतो. पुणे येथून सव्वादोनशे किलोमीटरांहून अधिक दूर आहे. माझ्या खोलीतील मित्र गेल्या वर्षी एका निवड-चाचणीस रात्रीच्या एस. टी.ने गेला. क्रिकेटची पिशवी टपावर टाकता येईना, म्हणून ती मांडीवर घेऊन सहा तास बसला, सकाळी चार षटके टाकली आणि रात्री परत आला. निवड झाली नाही. झाले काय, हे सांगण्याऐवजी त्याने आम्हाला शेजारच्या जाळीत सराव करणाऱ्या परभणीच्या एका डावखुऱ्या मुलाचे वर्णन ऐकविले. त्याचा चेंडू कसा आत येतो आणि मग अचानक कसा बाहेर जातो, ते हाताने दाखविले.

परवा मेसमध्ये ठाण्याच्या मित्राने पुन्हा तोच प्रश्न विचारला. या वेळी मी उत्तर देण्याआधीच तो खोलीतला मित्र म्हणाला, ‘आमचे दोन आहेत. तिसरा येतोय.’